पाय बघून वाजव

घुम्या बोलायचा नाही. काही विचारलं तर 'हं' करायचा. पण त्या 'हं'चे प्रकार होते, आणि ते ओळखायला सगळा जन्म त्याच्यासोबत काढायला हवा. तो मी काढला आहे. आखूड 'हं' म्हणजे होय. खालून वर चढणारा 'हं' म्हणजे ऐकलं, पण पटलं नाही. नाकातल्या नाकात विरणारा 'हं' म्हणजे आता मी माझ्या मनाचं करणार, तू बस बोंबलत. आणि एक होता लांब, छातीतून निघणारा, जातं फिरल्यासारखा. तो माणसांसाठी नव्हताच, मेंढरांसाठी होता. दिवस कलला की माळावर उभा राहून घुम्या तो लांब 'हं' काढायचा. पांगलेली मेंढरं माना वर करायची आणि त्याच्याकडे चालायला लागायची. बाकीचे आम्ही हुर्र हुर्र करून घसा फोडून घ्यायचो. त्याला तोंडसुद्धा उघडावं लागायचं नाही.

नाव त्याचं बिरा. पुढे शहरातले लोक त्याच्या नावाआधी 'ख्यातनाम चेलोवादक' असं लावायला लागले. लावू देत. म्हसवडच्या पलीकडे आमची वाडी आहे, तिथे तो घुम्या म्हणून वाढला आणि घुम्या म्हणूनच गेला. त्याचे वडील धुळाआण्णा चारचौघांत म्हणायचे, "ह्यो मुका न्हाई, कंजूस हाय. शबूद साटवून ठेवतोय. कवा खर्चनार हाय, बिरोबालाच ठावं."

चेलो म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण मलाही ठाऊक नव्हतं. फिडल असतं ना, तेच, पण बाप्याच्या छातीपर्यंत येणारं. खुर्चीवर बसून दोन्ही गुडघ्यांत धरायचं. खाली लोखंडी दांडी असते, ती जमिनीला टेकवायची. आणि ज्या काठीनं ते वाजवतात, तिला बो म्हणतात. त्या बोवर घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले असतात. हे केसांचं लक्षात ठेवा. त्यात माझा मोठा वाटा आहे आणि तो मी सोडणार नाही.

सातारला भरती निघाली तेव्हा आम्ही दोघं बरोबरच गेलो. मला त्यांनी छाती कमी भरली म्हणून परत लावलं. त्यांचा टेप खोटा होता. त्याच छातीवर ढोल बांधून मी आजपर्यंत आमच्या वाडीचा गजीचा नाच चालवतो आहे, कधी कमी भरली नाही. घुम्याची उंची आणि छाती दोन्ही पास झाली, पण साहेबानं नाव विचारलं तर गडी म्हणतो 'हं'. साहेब तापला. शेजारी ब्यांडातला एक हवालदार उभा होता. तो हिंदीत म्हणाला, "फिरसे कर." घुम्यानं पुन्हा केला. हवालदार हसला आणि त्याला आपल्या रांगेत घेऊन गेला. मी बाहेर झाडाखाली त्याची वाट बघत भाकरी खात बसलो होतो. माझी खाऊन झाली, त्याची मी परत बांधली. तो आलाच नाही. त्याला तसाच गाडीत बसवून नेला होता.

मग मध्य प्रदेशात कुठल्याशा डोंगरावर पलटणीच्या ब्यांडाची शाळा होती, तिथे त्याला घातलं. तिथला गोव्याचा म्हातारा मास्तर म्हणे पोरांच्या हातात बाजा द्यायच्या आधी त्यांना नुसतं गुणगुणायला लावायचा. घुम्यानं आपला लांब 'हं' काढला तसा मास्तर खुर्चीतून उठला आणि कोपऱ्यातलं सगळ्यांत थोराड वाद्य स्वतः उचलून त्याच्यासमोर आणून ठेवलं. "तुझ्या गळ्यात हे आहेच," म्हणाला, "आता लाकडात आण." ही हकीगत घुम्यानं मला सांगितली म्हणजे किती वर्षांत थोडी थोडी करून सांगितली असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

पहिल्या रजेवर आला तेव्हा त्याच्या आईनं त्याचा डावा हात हातात घेतला आणि रडायलाच लागली. बोटांच्या टोकांना दगडासारखे घट्टे. "सरकार काय दगडं फोडून घेतंय व्हय रं तुज्याकडनं?" घुम्यानं मान हलवली. धुळाआण्णांनीही बोटं दाबून बघितली आणि म्हणाले, "मेंढरं राकून कुनाला आसं घट्टं पडत न्हाईत. कामच हाय म्हनायचं." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पेढे वाटल्यासारखंच.

पलटणीतून सुटल्यावर घुम्या मुंबईला गेला. सिनेमाच्या गाण्यांत मागे वाजवलं, दुसऱ्याच्या हाताखाली पुष्कळ वर्षं वाजवलं. मग एकट्यानं वाजवायला लागला, आणि तिथून त्याचं नाव निघालं ते थेट परदेशात. तिकडचे गोरे लोक तिकीट काढून, कोट घालून त्याला ऐकायला यायचे. पेपरात फोटो यायचा. आमची पोरं मोबाइलवर दाखवायची, ह्यो बघा तात्या, घुम्याकाका. मी म्हणायचो, त्याला काय बघायचंय, तो मला पाठ आहे.

गावाला मात्र दरवर्षी यायचा. सांगलीहून येणाऱ्या एसटीतून उतरायचा, पाठीवर ती माणसाएवढी पेटी. पहिल्यांदा आणली तेव्हा आमची कारभारीण दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं घुम्यावरून ओवाळून टाकला, आणि मग पेटीवरूनही टाकला. मी म्हटलं, "आगं, लाकूड हाय ते." ती म्हणाली, "आसू द्या. तेच्यासंगं लांबनं आलंय न्हवं? दिष्ट तेला बी लागती." घुम्यानं आखूड 'हं' केला. त्यानंतर दर वेळी दारात आला की तो पेटी खाली ठेवून ओवाळून होईपर्यंत थांबायचा. कुणी त्याला एवढ्या-तेवढ्या मानपत्रासाठी ताटकळत ठेवलं तर उठून जाणारा माणूस तो.

सकाळी उठून मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या दगडी भिंतीशी खुर्ची टाकून बसायची त्याची सवय. एकच तार धरायचा आणि बो हळूहळू ओढत राहायचा. शेजारच्या दगडूची मेंढरं चरायचं सोडून भिंतीपलीकडे येऊन उभी राहायची. दगडू काठी आपटत यायचा, "आवं सुबेदार, तुमचं हितं भागलं आसंल तर माजी जितराबं सोडा. चारापान्याला म्हनून न्हेली न् हितं गानं ऐकत्यात!" घुम्या बो थांबवायचा, मेंढरं हलायची. दगडू जरा लांब गेला की हा पुन्हा सुरू, मेंढरं पुन्हा हजर. असली खोडी तो म्हातारपणीही करायचा, आणि चेहरा असा ठेवायचा की जणू देवळात बसला आहे.

आता घोड्याचं. बिरोबाचा घोडा सांभाळायचा मान आमच्या घराण्याकडे आहे. पांढरा, उंच, शेपटी टाचेपर्यंत. यात्रेत तो पुढे चालल्याशिवाय पालखी हलत नाही. घुम्या एकदा त्याच्या शेपटीकडे इतका वेळ बघत उभा राहिला की घोडाच बावरला. मग मला म्हणाला, "केस दे." बोसाठी लागणारे केस बाहेरच्या देशातून येतात म्हणे, पण त्याला हेच पाहिजे होते. मी म्हटलं, देवाच्या घोड्याचा केस कापायचा नाही. विंचरताना जो आपसूक निघेल तो तुझा. तेव्हापासून मी विंचरायचो, निघालेला लांब केस निवडून फडक्यात बांधून ठेवायचो, आणि तो आला की द्यायचो. मुंबईचा कारागीर ते केस घासूनपुसून बोवर बसवायचा. म्हणून सांगतो, घुम्यानं कुठल्या देशात काय वाजवलं ते मला कळत नाही, पण जे वाजलं ते माझ्या घोड्याच्या शेपटीवर वाजलं.

भंडाऱ्याची हळद आणायला मी दरवर्षी यात्रेच्या आधी सांगलीच्या पेठेत जातो. चार-पाच वर्षांखालची गोष्ट, यात्रा उरकली होती तरी सांगलीचं बोलावणं आलं. तिथे एका सभागृहात घुम्याचं वादन होतं आणि त्यानं आमच्या गजी मंडळासाठी पुढची रांग राखून ठेवली होती. आम्ही धोतर-फेट्यात गेलो. मी आयुष्यात पहिल्यांदाच त्याला असा स्टेजवर बघत होतो. एवढ्या मोठ्या स्टेजवर तो एकटा, खुर्चीवर, डोळे मिटून. वाजवायला लागला. सुरुवातीचं संथ होतं, ते मी सोसलं. मग एक चाल आली. मी कान टवकारले. दुडक्या घोड्याची चाल! माझा हात आपोआप मांडीवर पडायला लागला. शेजारी आमचा झांजवाला पांडा, त्याच्या टाचा हलायला लागल्या. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "शू!" मी हात आवरला. हात पुन्हा पडला. ती पुन्हा "शू!" मी उठलो आणि बाहेर आलो. माझ्यामागे सगळी रांग उठली.

आम्ही कृष्णेच्या घाटावर येऊन भडंग खात बसलो. ऊन उतरलं होतं. थोड्या वेळानं घुम्या रिक्षातून उतरला, अंगात तोच काळा कोट. पायऱ्या धरून धरून खाली आला. माझ्याशेजारी बसला. भडंगाचा कागद त्याच्यापुढे सरकवला, पण त्यानं हात लावला नाही.

"उटून आलास," तो म्हणाला.

"आलो. मांडीवर थाप मारली तर बाई शू करती. मी काय कोंबडं हाय व्हय रं?"

मला वाटलं आता खालून वर चढणारा 'हं' येणार. पण घुम्या त्या दिवशी बोलला. आमच्या जन्मात एवढा सलग बोललेला मला आठवत नाही.

"ते नाचाचंच हाय, गड्या. आज जे वाजीवलं ते. तिकडं एक लय जुना बाबा हून गेला, तेनं लिवलंय. समद्या नाचाच्याच चाली हायत्या. तुजा हात पडला त्यो बराबर पडला. पन माज्याम्होरं आजवर कुनी नाचलं न्हाई. लोक डोळं मिटून बसत्यात. खोकत्यात. संपलं की समदी उभी ऱ्हात्यात न् टाळ्या वाजिवत्यात. आरं, उटायचंच हाय तर आदी का उटत न्हाईत?"

पांडा मोठ्यानं हसला. घुम्या हसला नाही. त्यानं डावा हात माझ्यापुढे धरला. मधली दोन बोटं पूर्ण उघडत नव्हती.

"डाक्टर म्हनला, आकडत चालल्यात. आनी मागं येनार न्हाईत. येती यात्रा मिळंल, त्याच्या म्होरलं सांगत न्हाई. मला गजीत घे. एकदा कुनीतरी माज्या वाजवन्यावर नाचू दे."

आता सांगतो, गजी म्हणजे काय. बिरोबासमोर आमचे लोक पांढरे अंगरखे घालून, हातात रंगीत रुमाल घेऊन रिंगण धरतात. ढोल, झांज, सनई. प्रत्येक चालीचा वेगळा नाच, त्याला आम्ही घाई म्हणतो. आणि या सगळ्यात कुणीही बसत नाही. नाचणारा तर नाहीच, वाजवणाराही नाही. माझ्या वडिलांनी माझ्या गळ्यात ढोल घातला तेव्हा एवढंच सांगितलं होतं, पाय बघून वाजव. नाचणाऱ्याचा पाय थकला की हात आवरायचा, पाय उठला की हात उचलायचा. बसलेल्या माणसाला पाय दिसत नाहीत, त्याला लोकांचे गुडघे दिसतात. हा नेम काही मी केलेला नाही, आणि घुम्यासाठी मी मोडणारही नव्हतो. त्याच्यासाठी तर नाहीच. परका असता तर एक वेळ पाहुणा म्हणून सोडलं असतं.

"घेतो," मी म्हटलं. "पन आमच्यात बसत न्हाईत. उभा ऱ्हाऊन वाजीव."

"आवं तात्या," पांडा मध्ये पडला, "त्ये बसून वाजवायचंच वाद्य हाय. येवढा मोटा मानूस, एक खुर्ची टाकली तर काय बिगडतंय?"

"टाकायची आसंल तर तुज्या दारात टाक. बिरोबाच्या दारात न्हाई."

पांडानं घुम्याकडे पाहिलं. घुम्या पाण्याकडे बघत होता. नाकातल्या नाकात विरणारा 'हं' आला, तो पांडासाठी होता. मी भडंगाचा शेवटचा घास तोंडात टाकला. काम झालं होतं.

त्या वर्षी तो मुंबई सोडून वाडीतच राहायला आला. म्हसवडच्या लोहाराकडून लांब दांडी करून घेतली. पहिली दांडी वाकली आणि वाद्य त्याच्या नडगीवर आलं. दुसरी टिकली, पण गुडघ्यांचा आधार गेल्यामुळे चेलो भोवऱ्यासारखा फिरायला लागला. मग त्यानं पलटणीचा जुना पट्टा काढला आणि वाद्य कमरेशी बांधलं. उभं राहिलं की डाव्या हाताच्या जागा बदलतात म्हणे. आयुष्यभर जिथे बोट जायचं, तिथे आता दुसराच सूर. म्हणजे आकडत चाललेल्या बोटांना सगळं पहिल्यापासून शिकवायचं. सुरुवातीला तो वाडग्याच्या भिंतीला पाठ टेकून उभा राहायचा. दिवाळीच्या सुमाराला भिंत सोडली.

त्याची लेक सुनंदा पुण्याला हेच वाद्य शिकवते. ती आली आणि बापाला तसा उभा बघून थेट माझ्या ओट्यावर आली.

"तात्या, त्यांच्या गुडघ्यांची अवस्था तुम्हाला माहीत आहे ना? एक खुर्ची चालवून घ्या. मी तुमच्या पाया पडते."

"पाया पडू नगंस, पोरी. गुडघं त्याचं हायती, पन हट्ट दोगांचा हाय. मी सोडला तर त्योच माज्याशी बोलनार न्हाई."

"ते असेही बोलत नाहीत!"

भिंतीकडून 'हं' आला. सुनंदानं विचारलं, "याचा अर्थ काय?"

"म्हंजी तू आत जाऊन च्या ठेव."

तिनं आत जाऊन आमच्या कारभारणीकडे गाऱ्हाणं केलं. कारभारणीनं चूल फुंकता फुंकता निकाल दिला, "दोगं बी म्हातारं, दोगं बी येडं. एकाला बसू म्हटलं तर बसत न्हाई, दुसऱ्याला सोड म्हटलं तर सोडत न्हाई. तू साकर जास्त घाल, पोरी. आपुन च्या पिऊ."

यात्रा आली. घुम्यानं पांढरा अंगरखा घातला, मी स्वतः त्याला फेटा बांधला. देवळासमोरची माती पाणी मारून बसवलेली होती, त्यात त्यानं दांडी रोवली, पट्टा आवळला. भोवती रिंगण धरलं. भंडारा उधळला तसा त्या काळ्याभोर वाद्यावर पिवळा थर बसला. सुनंदा पुढे होऊन पुसायला लागली, त्यानं तिचा हात बाजूला केला. माणसं तर एवढी लोटली होती की झाडांवर चढली होती. मी ढोलावर एक टिपरू टाकलं आणि हात थांबवला. आता त्याची पाळी.

वाजवायला लागला. गोड वाजवलं. त्यात काही खोट नव्हती. पण पाय उठेनात. पांडा झांजा धरून नुसता उभा. नाचणारे एकमेकांकडे बघतात. आणि बाहेरची माणसं काय करायला लागली, तर खाली बसायला लागली. काहींनी हात जोडले. गजीला आलेली माणसं सभेला आल्यासारखी मांडी घालून गप्प! मी घुम्याकडे पाहिलं. डोळे मिटलेले. गडी उभा होता आमच्या मातीत, आणि वाजवत होता त्या सांगलीच्या स्टेजवर. वर्षभर त्यानं उभं राहायचं शिकून घेतलं होतं. उभं कशासाठी राहायचं ते विसरला होता.

मी ओरडलो. देवासमोर ओरडलो. "घुम्या! डोळं उगड! पाय बग, पाय!"

बो घसरला. तार किंचाळली. झाडावरून कुणीतरी म्हणालं, "बिगडलं!" सुनंदानं तोंडावर हात ठेवला. घुम्यानं डोळे उघडले, आणि समोर पांडाचे अनवाणी पाय होते, ते बघत राहिला. पांडा हुशार. त्यानं झांज वाजवली नाही. फक्त टाच उचलली आणि आपटली. पुन्हा उचलली, आपटली. घुम्यानं बो जाड तारेवर ठेवला आणि त्या टाचेच्या मागून निघाला.

तीच दुडकी चाल. सांगलीत जिच्यावर माझा हात पडला होता तीच. आमच्यात एक घोड्याची घाई आहे, तिच्यात ती अशी बसली की मी ढोल कधी धरला ते मलाच कळलं नाही. रिंगण हललं. रुमाल उडाले. बसलेली माणसं धोतरं झटकत उठली. आमच्यात सर्वांत म्हातारा नाचणारा म्हणजे दगडू, तोच तो मेंढरांवरून भांडणारा. वळणावर त्याचा पाय मागे राहायला लागला. घुम्यानं ते बघितलं आणि तो सूर लांबवला, दगडूचा पाय फिरून जमिनीला लागेपर्यंत धरून ठेवला, आणि मगच पुढे गेला. ते काही त्या जुन्या बाबानं लिहिलेलं नसणार. दगडू हसला. घुम्यानं पुढच्या वळणावर मुद्दाम त्याला पळवला.

शेवटच्या फेऱ्यात त्याची बोटं उठेनाशी झाली. मला दिसलं, सुनंदाला दिसलं, बाकी कुणाला नाही. त्यानं डावा हात वाद्यावरून काढून घेतला, खाली सोडला, आणि मोकळ्या तारेवर नुसता बो ओढत राहिला. लांब, छातीतून आल्यासारखा. मी ढोल थांबवला. तो आवाज मी ओळखत होतो. रिंगणातली म्हातारी माणसंही ओळखत होती. कुणी काही सांगितलं नाही, पण एवढं मोठं रिंगण हळूहळू आत आत यायला लागलं, माना वर करून, त्याच्याकडे.

मी जवळ गेलो. घामानं त्याच्या तोंडावर भंडाऱ्याचे ओघळ आले होते. आता पट्टा आणि वाद्य यांनीच त्याला धरून ठेवलं होतं.

"झालं न्हवं मनासारकं?" मी विचारलं.

मी 'हं'ची वाट बघत होतो. कुठला येतो ते बघत होतो.

"व्हय, गड्या," घुम्या म्हणाला. "झालं."

पुढची यात्रा त्याला मिळाली नाही. मेंढरं कोकणातून परत आली त्या दिवसांत तो गेला, झोपेत, कुणाला त्रास न देता. सांगलीत त्याच्यासाठी मोठी सभा झाली. मलाही स्टेजवर बोलावलं आणि कुणीतरी खुर्ची पुढे केली. मी उभाच राहिलो. पुष्कळ लोक बोलले, दुष्काळी माळावरचा मेंढपाळ जगाला भेटला वगैरे. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "माझी शाळा दुसरीपर्यंत, मला भाषण येत नाही. त्याच्या बोवर माझ्या घोड्याचे केस होते. आणि त्याच्या वाजवण्यावर नाचलेली माणसं आमच्या वाडीत अजून जिवंत आहेत, कुणाला विचारायचं असेल तर या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. उभं राहून वाजवल्या. तेव्हा मला घाटावरचा घुम्या आठवला, आणि मी स्टेजवरून उतरलो.

घोड्याची शेपटी विंचरताना निघालेला केस मी टाकत नाही. सवय आहे. गेल्या यात्रेच्या आधी सुनंदाची एक विद्यार्थिनी एकटीच सांगलीहून एसटीनं आली, पाठीवर पेटी. कारभारणीनं पोरीवरून आणि पेटीवरून, दोघींवरून भाकरतुकडा टाकला. पोरगी लय बोलते. घुम्याच्या सगळ्या आयुष्यात झाले नसतील एवढे शब्द तिनं चहा होईपर्यंत संपवले. तिला गजीत वाजवायचं होतं. मी केसांचं फडकं आणून तिच्या हातात दिलं आणि वाडग्याच्या भिंतीशी नेलं.

तिनं पेटी उघडली, वाद्य काढलं, इकडे तिकडे पाहिलं. "तात्या, खुर्ची कुठे आहे?"

"उभी ऱ्हा," मी म्हटलं. "आन् डोळं उगडं ठेव."